शेंदराखालचा क्रूस

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा. उल्हास नदीतल्या बेटावर ख्रिस्ती लोकांच्या जुन्या चॅपलचे अवशेष होते. ते मी संपवले.

साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल. मोरिवलीच्या एका कारखान्यासाठी बदलापूरजवळ नदीकाठी पंपघर बांधायचं होतं, मी ठेकेदाराचा सुपरवायझर. समोरच बेट, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून जाता यायचं. करंजाच्या झाडीत चुन्यात बांधलेल्या कमरेएवढ्या दगडी भिंती, कमानीचा एक कोनाडा आणि त्यात शेंदूर फासलेला उभा दगड. पलीकडच्या पाड्यावरची माणसं नदीत जाळं टाकण्याआधी त्याला नारळ द्यायची. हात पसरलेला देव म्हणायची.

मे महिन्यात दगडाचे ट्रक यायचे थांबले. पावसाआधी पाया वर आला नाही तर नोकरी गेली, असं ठेकेदार बोलून गेला होता. मी बेटावरच्या भिंती उकलायला लावल्या. शेवटी कोनाड्यातला दगड उरला. पायरीच्या अगदी मापाचा.

मिस्त्री मागे सरला. "आपण नाय हात लावणार, साहेब. शेंदूर हाय तोवर देव. तुमची नोकरी, पण आमची पोरंबाळं."

"आणि शेंदूर नसला तर?"

"मग काय, दगड."

मी रॉकेल आणि चिंध्या घेऊन दुपारभर स्वतः घासत बसलो. थरामागून थर निघाले. खाली क्रूस होता, टोकं पाकळ्यांसारखी कोरलेली. कडेनं अक्षरं, इंग्रजी नव्हेत, मोडीही नव्हेत. हे देऊळ कुणाचं ते तेव्हा कळलं. थांबता आलं असतं. मी मिस्त्रीला हाक मारली आणि दगड पालथा घालून पायरी बसवली.

पावसाळ्यानंतर पाणी उतरलं तशी पाड्यावरची एक म्हातारी आली. नेमकी त्याच पायरीवर उभी राहिली.

"सायेब, देव दिसत नाय वो आमचा."

"पुरात वाहून गेला, आजी."

"आन् भिंती?"

"त्यापण."

ती जरा हसली. "मंग सोबत तरी हाय त्याला."

दुसऱ्या दिवसापासून ती काठीनं नदीचा तळ चाचपत खाली खाली जायला लागली. काम संपेपर्यंत मी रोज पाहत होतो.

पुढे, ब्याण्णवच्या सुमाराला, कुळगावात राहायला आलो. एकदा नदीवर गेलो तर पाण्यात वेगळीच बाई, हातात काठी. काय शोधता, म्हणून विचारलं.

"सासूचा देव. मरताना बोलली, खालीच कुठंतरी आसंल, बघत ऱ्हा."

मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो. त्यानंतर नदीकडे गेलो नाही. पाण्यात काठी टेकल्याचा आवाज मात्र घरात बसल्या जागी ऐकू येतो.

देव वाहून गेला नाही, पंपघराच्या पायरीत पालथा आहे, आणि तो मी घातला, हे त्या सुनेला सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.