वन्संनी पसंत केलेली बोट

जगात निरोगी अशी वस्तूच नाही, फक्त काहींचं दुखणं अजून सापडलेलं नसतं, यावर आमच्या वन्संचा पूर्ण विश्वास आहे. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर नर्स म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक आणि बीपीचं मशीन घेऊन मंगळवार पेठेत आमच्याकडे राहायला आल्या. आल्या त्या दिवशीच फ्रीजच्या पाठीला कान लावून म्हणाल्या, "ह्येला दम लागतोय." आठव्या दिवशी फ्रीज बंद पडला. ह्यांच्या स्कूटरचा खोकला छातीतला नसून घशातला आहे असं निदान त्यांनी केलं, आणि मेकॅनिकनेही तेच सांगितलं, अर्थात वेगळ्या शब्दांत. देवळात गेल्या तर पुजाऱ्याने तीर्थ द्यायला हात पुढे केला, की आधी त्याची नखं बघायच्या, "रगात कमी हाय, पालेभाजी खा," असं सांगायच्या आणि मग तीर्थ घ्यायच्या. पुजारी बिचारा त्यांना पाहिलं की हात पदराआड, म्हणजे उपरण्याआड, लपवायचा.

एका सकाळी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "मी बोट घेतो." आमच्या कोल्हापुरात बायकाही 'घेतो-जातो'च म्हणतात, त्यामुळे त्याचं काही नवल नव्हतं. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "काय झालं बोटाला?"

"हाताचं न्हवं, पाण्यातली बोट. इंजिनाची. वर खोली असलेली. नवी परवडणार न्हाय, जुनी बगायची. आत बाई आडवी झोपवता आली पायजे."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. पण कारण विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. मला ते कारण ठाऊक होतं. वन्संनी ते एकदाच, कोथिंबीर निवडताना सांगितलं होतं. पलीकडच्या वाडीतली एक बाई अडली होती. रस्ता नव्हताच, मंजूर मात्र वर्षानुवर्षं होता. उघड्या होडीतून, वाऱ्यापावसात, अंगावर ताडपत्री धरून वन्सं तिला अलीकडच्या दवाखान्यात आणायला निघाल्या. निम्म्या पाण्यात ती बाळंत झाली. "पोरगी व्हती. मी पदरात गुंडाळली, पोटाशी धरली. पण वरनं पाणी, खालनं पाणी. गार पडत गेली," एवढं बोलून त्यांनी पुढची जुडी सोडली होती. आई वाचली. त्या वाड्यांना रस्ता अजूनही झालेला नव्हता आणि वन्संना निवृत्तीचे पैसे नुकतेच मिळाले होते.

मग आमची तिघांची बोट बघणारी मंडळी तयार झाली. वन्सं, मी, आणि निपाणीकडचे अण्णा. अण्णा नदीवरच्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतात. त्यांच्या पायाची जखम वन्संनी वर्षभर रोज धुऊन बांधली होती, तेव्हापासून ते वन्संना 'अक्का' म्हणतात आणि त्यांनी बोलावलं की पान्हे घेऊन हजर होतात. माझं काम काय, हे निघेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. अण्णांच्या गाडीतून घाट उतरून आम्ही गोव्याच्या बाजूला पोचलो तेव्हा ते कळलं.

ती पहिली बोट पांढरीशुभ्र होती. आत टीव्ही, छोटा फ्रीज, काचेचं टेबल. मालक काळा चष्मा लावून उभा. वन्सं त्याच्याकडे न बघता सरळ इंजिनापाशी गेल्या आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"ताप हाय."

"म्हणजे?" मालक म्हणाला.

"आमी यायच्या आदी चालवून गरम करून ठिवलंय तुमी. गरम इंजिन कुणाचंबी सुरू हुतंय. आमी थांबतो."

आणि आम्ही खरोखरच धक्क्यावर बसून राहिलो, भाकरी-ठेचा खात, इंजिन निवेपर्यंत. तेवढ्या वेळात वन्संनी बोटीच्या पोटाखालून हात फिरवून फायबरला आलेले फोड मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल, आता तू बाळंतीण हो."

मी पन्नाशीची, दोन लेकरांची आई. "वन्सं, अहो काहीतरीच काय!"

"अगं, मी मापं घेऊन काय करू? पोटुशी बाई आत कशी जाती ते बगायला नको? पोटावर पिशवी बांद. कळ आली म्हण. वरड जरा."

मी पोटाला कपड्यांची पिशवी बांधली, हळू आवाजात कण्हले, आणि आत जाणाऱ्या तीन उभ्या पायऱ्यांवर, अरुंद दारात, पिशवीसकट अडकले. अण्णा भलत्याच आदराने समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मालकाने चष्मा काढला. इंजिन निवल्यावर त्याने चावी फिरवली तर ते चारदा खाकरलं, काळा धूर सोडून गप्प झालं. "ही पोरगी दिसायला गोरी हाय, पण छाती भरलीया," असं म्हणून वन्सं उठल्या.

दुसरी रत्नागिरीकडच्या एका खाडीत होती. ती लाकडी होती, आणि खरं सांगते, तिच्यात बसल्यावर कुणालाही घरी आल्यासारखं वाटलं असतं. पितळेच्या कड्या, रुंद बाकं, खिडक्यांना जुने पडदे. किंमतही अशी, की घेऊन वर डिझेलला पैसे उरले असते. मी माझी बाळंतपणाची भूमिका इथे बरीच बरी वठवली. आत सहज गेले, आडवी झाले, पाय लांब करता आले. वन्संचा चेहरा उजळला. तो तसा उजळलेला मी क्वचितच पाहिलाय. मग त्यांनी पिशवीतून एक जाड सुई काढली आणि तळाच्या फळीत टोचली. सुई लोण्यात जावी तशी आत गेली. दुसरीकडे टोचली, तिथंही गेली. फळ्यांखाली साचलेल्या पाण्यात करंगळी बुडवून त्यांनी ती जिभेला लावली.

"खारट हाय," त्या म्हणाल्या. "पावसाचं न्हाय, खाडीचं हाय."

मालक म्हणाला, सगळ्याच लाकडी बोटी थोड्या पाझरतात. अण्णांनी मान हलवली. "ब्याड, अक्का. नको. इंजिन मी करून देतो, हिची हाडं कोण करणार?" वन्सं बाकावर हात फिरवत बराच वेळ बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांना वाईट बातमी सांगितली होती. त्या दिवशी त्या स्वतःलाच सांगत होत्या आणि ते त्यांना जड जात होतं.

तिसरी मालवणच्या बाजूला सापडली. दिसायला ती बोट कमी आणि पाण्यात पडलेलं कपाट जास्त वाटत होती. रंग उडालेला, एका बाजूला ठिगळ, नाव अर्धं पुसलेलं. मालक खानावळ चालवायचा आणि पूर्वी तिच्यातून पाहुण्यांना फिरवायचा. पण इंजिन हाताला गार लागलं आणि पहिल्या चावीला सुरू झालं. अण्णांनी ऑइल बोटांवर चोळून बघितलं. त्यात पाणी नव्हतं. तळ सपाट, म्हणजे उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तरी चालणारी. आणि मागचं दार असं रुंद, की मला धरून आणायला दोन्ही बाजूंनी दोन माणसं मावली असती. किंमत मात्र वन्संच्या ऐपतीच्या बाहेर होती.

"कित्याक व्हयी तुमका बोट?" कशाला हवी, असं मालकाने विचारलं.

मला वाटलं, आता सांगायलाच हवं. मी सुरुवात केली, "अहो, यांच्या हातात एकदा एक बाळ..." एवढ्यात वन्संनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मला बाजूला नेऊन त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मेलेल्या लेकराचं नाव घिऊन भाव पाडायचा न्हाय."

मग त्या परत गेल्या आणि वेगळ्याच पद्धतीने घासाघीस सुरू केली. "ह्यो टेप काडून घ्या, मला नको. ह्या गाद्या तुमी ठिवा. वरचं कापड ठिवा. ह्या चार खुर्च्या खानावळीत हुतील." एकेक वस्तू त्या स्वतः उचलून धक्क्यावर मांडत गेल्या आणि प्रत्येकीमागे किंमत उतरवत गेल्या. शेवटी बोटीत इंजिन, एक बाक आणि छप्पर एवढंच राहिलं. मालक धक्क्यावरच्या सामानाकडे आणि मग वन्संकडे बघत राहिला. "बाई," तो म्हणाला, "आणि थोडा वेळ थांबलात तर इंजिनपण काढशात तुम्ही." आणि त्याने हात पुढे केला. वन्संनी आधी त्याची नखं बघितली, मग हात मिळवला.

बोट मोठ्या ट्रेलरवरून घाट चढून आली. परवानग्यांसाठी वन्सं ज्या ज्या टेबलापुढे बसल्या, त्यामागच्या प्रत्येक माणसाचं बीपी मोजून आल्या, कागद मिळाले. वाडीतल्या एका नावाड्याला अण्णांनी इंजिन शिकवलं. पुढच्याच पावसाळ्यात पहिला फोन आला तेव्हा मी वन्संबरोबर वाडीतच होते. वारा होता, पाऊस होता. चोविशीतली पोर, पहिलंच बाळंतपण. मी काहीतरी घडेल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. पण काहीच घडलं नाही. छपरावर पाऊस वाजत होता, आत कोरडं होतं, आणि दोन कळांच्या मध्ये ती पोर चक्क झोपली. वन्सं तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं, ती जागी होऊ नये म्हणून.

तीन पावसाळे बोट चालली. मग इतकी वर्षं मंजूर असलेला तो रस्ता एकदाचा झाला. रुग्णवाहिका वाडीच्या तोंडापर्यंत जाऊ लागली. वन्संना खरोखर आनंद झाला. त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. बोट नावाड्याला देऊन टाकली. तो तिच्यातून दुधाचे कॅन आणतो म्हणे. मागच्या महिन्यात वाडीत एका बारशाला आम्ही दोघी गेलो. येताना जीपने, नव्या रस्त्याने परतलो. रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. वन्सं खिडकीशी बसून वाटभर पाण्याकडे बघत होत्या. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"लवकर आलो की गं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मागे, पाण्याकडे बघू लागल्या.