गुळाच्या रंगाची सनमायका

आमच्या तुंगार्लीच्या घरात श्रावणात भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं नाही, असा नियम आहे. राहिलात, तर चहा येईपर्यंत पाठीवर शेवाळ धरतं. एक पाहुणे गप्पांच्या नादात टेकले आणि निघताना त्यांच्या कॉलरमधून नेचा डोकावत होता. हे मी शपथेवर सांगतो. शपथ कशाची, ते विचारू नका.

अशा हवेत मी घरी व्हिडिओ गेमचा डबा बांधायला घेतला. पूर्वी बाजारात असायचे तसा, पुरुषभर उंचीचं कपाट, पोटात पडदा, खाली हाताने फिरवायचे दांडे आणि बटणं. दांडे मी मुद्दाम दोन बसवले, शेजारी शेजारी. मुलगा नोकरीला परगावी गेल्यापासून संध्याकाळी मी एका खोलीत मोबाइल बघत बसतो आणि बायको दुसऱ्या खोलीत. दुसरा दांडा कुणासाठी, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच तर म्हणायचो, एक बिघडला तर असावा.

लाकूड घरचंच. आमचं चिक्कीचं दुकान आजोबांपासूनचं. त्याचं जुनं काउंटर मोडलं, त्याच्या फळ्या घेतल्या आणि तिथेच घात झाला. त्या फळ्या तीन पिढ्या गुळाचा पाक प्यायल्या होत्या. डबा हॉलच्या कोपऱ्यात उभा राहिला मात्र, आणि समस्त घाटमाथ्यावरच्या मुंग्यांना आवतण गेलं. काळ्या आल्या, तांबड्या आल्या. रविवारी भुशी धरणावर गाड्यांची लागते तशी रांग आमच्या उंबऱ्यापासून डब्यापर्यंत लागली. एक मुंगी तर पिलाला पाठीवर घेऊन दाखवायला आली होती.

बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा आमच्याकडे कुकरसुद्धा शिट्टी गिळतो. मग शुक्रवारी केर काढता काढता म्हणाली, "रविवारी भाऊ येतोय टेम्पो घेऊन. आईचा दिवाण आणतोय. तो याच कोपऱ्यात बसणार."

"आणि डबा?"

"याला असं काहीतरी लावा की मुंगी चढली तरी तिला काही मिळता कामा नये. एक जरी मुंगी आत शिरली, तर दिवाण उतरला की हा त्याच टेम्पोत चढेल."

"कुठे जाईल?"

"बंबात. भावाकडे अजून बंबावरच पाणी तापतं."

माझा मेहुणा शिरगावाकडचा. त्याच्या बंबाने आजवर दोन खाटा, एक बैलगाडी आणि एका माजी सरपंचाची खुर्ची खाल्ली आहे. माझ्या डब्यावर त्याच्या घरची चार माणसं अंघोळ करून मोकळी झाली असती.

आता लावायचं काय? ऑइलपेंट मी आधीच एका फळीवर लावून पाहिला होता. आषाढात लावला, तो अजून ओला होता, आणि त्यात दोन पाकोळ्या, बायकोचा एक केस आणि पालीचं शेपूट कायमचं वस्तीला होतं. मग फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, चिकटपट्टीचा कागद छापून देतो, तयार माल आहे. तयार माल म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला बॅनर. हॉलमध्ये एका भावी नगरसेवकाला हात जोडून उभं करायची माझी तयारी नव्हती. शिवाय आमच्या दमट हवेत तो कागद पोपडे धरतो, आणि पोपड्याखाली मुंगीला फुकटचं छप्पर मिळतं.

राहिली सनमायका. शनिवारी सकाळी बाजारातल्या हार्डवेअरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी नमुन्यांचा गठ्ठा पुढ्यात उघडला.

"सागवानी घ्या," चाचा म्हणाले. "घरात भांडण होणार नाही."

"ती भांडत नाही चाचा. ती टेम्पो बोलावते."

मग मला तो तुकडा दिसला. गुळाच्या रंगाचा, चकचकीत, ताज्या लाटलेल्या चिक्कीवर जी झाक असते नेमकी ती. हात आपोआप गेला.

"मुंग्या लागल्यात म्हणता, आणि गुळाचा रंग नेता?" चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मुंगीला रंग कळत नाही."

"तुम्ही विचारलंत वाटतं तिला." त्यांनी मापाने तीन तुकडे कापून दिले, दोन बाजूंचे आणि एक पाठीचा. पुढून तर काच आणि पत्राच होता. वर पिवळ्या गमचा डबा ठेवला आणि बजावलं, "गम दोन्हीकडे लावायचा, फळीला पण आणि सनमायकाला पण. मग हात बांधून बसायचं. बोटाला चिकटायचा थांबला की मग चिकटवायचं. आणि एकदा टेकली की टेकली, परत हलत नाही."

चिकटायचा थांबला की चिकटवा. मी मान डोलावली, पण चिक्कीवाल्याच्या हाताला एकच धर्म ठाऊक असतो. पाक गरम आहे तोवर लाट. थांबलास की दगड. घरी आलो, गम ओतला आणि तो चमकत वाहत असतानाच तिन्ही तुकडे चढवले. दुकानातलं चिक्कीचं लाटणं आणून असं फिरवलं की कडेकडेने गम पाझरला. माझ्या आजोबांनी वरून टाळ्या वाजवलेल्या मी ऐकल्या.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो तेव्हा तिन्ही तुकडे खाली घसरले होते, आणि दाराकडच्या बाजूचं पोट पुरीसारखं टम्म फुगलं होतं. बोटाने दाबलं तर आतून पिवळी जीभ बाहेर आली. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने तो मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"आक्का, कामशेत सोडलं. दिवाण लय जड हाय, दाजींना भाकरी खाऊन ऱ्हायला सांग."

मी एक तुकडा ओढला. गम धरलाच नव्हता, त्यामुळे तव्यावरून डोसा सुटावा तसा अख्खा सुटला. तेवढंच नशीब. थिनर घेतलं, फडकं घेतलं, चिक्की खरवडायचं उलथनं घेतलं आणि वेड्यासारखा घासत सुटलो. खिडक्या उघड्या, बाहेर भुरभुर, आत वासाने डोकं गरगरतंय. ताजा गम फासला आणि फळीला टेकवायला तुकडा उचलला, तोच मनगट धरलं गेलं.

"बोट लावून बघा आधी," बायको म्हणाली.

"वेळ नाही."

"कालही नव्हता."

तिने टेबलफॅन ओढून आणला आणि खाली बैठक मारली. मीही बसलो. बसायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. गमकडे बघत बसणं हे फाशीच्या दोराला पीळ घालताना बघत बसण्यासारखं आहे. दर थोड्या वेळाने ती बोट टेकवायची, उचलायची. बोटाबरोबर पिवळी तार यायची.

"हा दुसरा दांडा कशाला?" ती मध्येच म्हणाली.

"एक बिघडला तर असावा."

"हं."

पाठ चिकटली तेव्हा मेहुणा कार्ल्याला चहाला थांबला होता. पहिली बाजू चिकटली तेव्हा फोन आला, "वळवणला हाय." आता दाराकडची बाजू उरली होती, येणाऱ्याला पहिली दिसणारी आणि मुंग्यांच्या हमरस्त्यावरची. गम लावला. पंखा फिरतोय. बोट टेकवलं, तार आली. परत टेकवलं, बारीक तार आली. रस्त्यावर हॉर्न वाजला.

"लावू?"

"थांबा."

फाटक वाजलं. जिन्यावर चपला वाजल्या. तिने बोट टेकवलं, उचललं, मला दाखवलं. कोरडं. आम्ही दोघांनी तो तुकडा दोन टोकांना धरून उचलला आणि फळीपासून वीतभर अंतरावर आणला, तेव्हाच मेहुणा दारात उभा राहिला.

"दाजी, दाराची फळी निखळली का काय?"

"बोलू नकोस," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

हातातला पेढ्यांचा पुडा, शिरगावच्या साईमंदिरातला, त्याने हळूच डब्याच्या पायाशी ठेवला आणि श्वास धरला. आम्ही वरची कड जुळवली. एकदा टेकली की टेकली. तिने वरून तळवा खाली आणला आणि मी तिच्या तळव्यामागून लाटणं. फट्, फट्, फट्, सनमायका फळीला धरत गेली. तळाशी पोचलो तर दारापासच्या कोपऱ्यात नखभर फट राहिलेली. आता हलवता येणार नव्हतं.

आणि उंबऱ्यावरून एक तांबडी मुंगी निघाली.

कुणी हललं नाही. मुंगी सरळ डब्याशी आली, कोपरा चढली आणि त्या फटीपाशी थांबली. आत आजोबांपासूनचा गूळ. तिने मिशा आत घातल्या. मला बंबातला जाळ दिसला. त्याच्यावर माझे दोन दांडे शेजारी शेजारी तडतडताना दिसले.

मुंगीने मिशा बाहेर काढल्या, पुसल्यासारखं केलं, मागे फिरली, खाली उतरली आणि पेढ्यांच्या पुड्यात शिरली.

"तिला बी वास सोसंना," मेहुणा म्हणाला. "आक्का, मग दिवाण कुटं उतरवू? आन् ह्ये न्यायचंय का न्हाई? बंबाला लाकडं न्हाईत."

बायकोने पुडा उचलून झटकला. डब्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग कमरेवर हात ठेवून दोन दांड्यांकडे.

"न्यायचं काही नाही. दिवाण याच्यासमोर लाव."

"समोर?"

"उभं राहून कोण खेळणार? माझे गुडघे दुखतात." ती माझ्याकडे वळली. "आणि हे फार उंच झालंय. बसून हात पोचायला हवा. खालून हातभर कापून टाका."

खालून हातभर कापायचं म्हणजे ती फट जाणार, पण डब्याची सगळी कड पुन्हा उघडी पडणार. कोरी, गुळाची, तिन्ही बाजूंनी. उंबऱ्याकडे पाहिलं तर रांग लागायला सुरुवात झालीच होती.

"पट्ट्या आणाव्या लागतील चाचांकडून," मी म्हणालो. "गम पण."

"आणा," ती दिवाणाला हात लावायला जिन्याकडे निघाली. "बोट मी लावून बघीन."