काकांच्या सतारीच्या पुढे चालणारा आवाज

इथले लोकांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय, हे आधीच कबूल करते. पांढरकवड्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आवाज म्हणजे कंपनं, बाकी मनाचे खेळ... मुलांना आजही हेच सांगते. पण मागच्या हिवाळ्यातलं हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

बदली होऊन आले तेव्हा एका सहकाऱ्याने फोनवरच वरची खोली ठरवून दिली होती. खाली घरमालक – सिंचन खात्यातून रिटायर झालेले काका. माझं सामान अजून खोक्यांतच होतं. रविवारी सकाळी खालून सतार ऐकू आली म्हणून उतरले, तर त्यांनी मानेनेच बसायची खूण केली.

मला रागदारी कळत नाही, म्हणून डोळे मिटून, अगदी कान देऊन ऐकत होते. तोडी होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून बाईचं गुणगुणणं यायला लागलं. कामाच्या नादात गुणगुणतात ना, तसं. गंमत म्हणजे ती काकांच्या पुढे असायची. आधी ती स्वरावर जायची, मग काका तार ओढत तिथे पोचायचे. एकदा ते अडखळले, तर आतून स्पष्ट आलं – "अंहं."

वाजवणं संपल्यावर मी सहज म्हटलं, "काका, काकूंचा कान काय तयार आहे हो!"

"कोणाचा?"

"काकूंचा... आत आहेत ना?"

काकांनी सतार खाली ठेवली. "ते तं गेली बेटा. मागच्या पोळ्याच्या आधी."

मी घाईघाईने म्हटलं, "मग तरफा असतील. त्या खालच्या बारीक तारा आपोआप घुमतात ना..." पण तरफा घुमतात स्वर वाजल्यावर. आधी नाही. हे मला माहीत होतं, अन् त्यांनाही.

"अंहं म्हणली?" त्यांनी विचारलं. "मी चुकलो का तशीच म्हणे. मी चिडत होतो तिच्यावर, समोर समोर नको पळू म्हणून." मग एकदम हळू, "मले काहून नाही येत आयकू?"

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. इस्त्रीचा कुर्ता घातला होता, माझ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली होती. मी जीव ओतून ऐकलं. शेजारचा कुकर, हायवेवरचे ट्रक... बाकी काही नाही.

"आली?"

त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, "हो. बारीक होतं, पण आलं."

मग दर रविवारी तेच. पुढे पुढे तर मी मनाचंच घालून सांगायचे – आज हसल्या, आज दोनदा अंहं म्हणाल्या. काका खूश व्हायचे.

एक दिवस नागपूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलं तर नजर जाईल. पण ते येतच नाहीत. म्हणतात, तुझी आई इथं एकटी पडंल. झालं काय त्यांना?"

त्याच दिवशी संध्याकाळी खाली जाऊन सांगून टाकलं. "काका, त्या पहिल्या रविवारनंतर मला काहीच ऐकू आलं नाही. मी खोटं बोलत होते."

ते बराच वेळ फडक्याने सतारीच्या तारा पुसत राहिले. "अन् पहिल्या दिवशी?"

"ते खरं होतं काका. शपथ."

"बरं," ते म्हणाले. लहान पोराची समजूत काढतात तसे. "मनाले नको लावून घेऊ बेटा."

आठवड्याभरात ते नागपूरला गेले. ऑपरेशन नीट झालं. मुलीने माझे आभार मानले, तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं. काका आता तिच्याकडेच असतात. घर बघायला आले की चहाला बोलावतात, कॉलेजचं विचारतात. त्या आवाजाचं मात्र चुकूनही नाही.

ती आतली खोली मी नंतर बघितली. घरात रेडिओ नाही, मागे नुसती तुरीची शेतं. आणि कुठला रेडिओ काकांच्या बोटांच्या पुढे चालेल? मला उत्तर सापडलेलं नाही. पण मी ते ऐकलं होतं... आणि काकांना ते पटवून देणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही.