हवालदार मामांची स्कूटर

हवालदार मामांमुळे माझे मालक, म्हणजे लेकीचे बाबा, तुरुंगात असूनही पुन्हा माणसांत आले. आम्ही नांदेडकडचे. मी सातवीतच शाळा सोडलेली. आता लेकीला घेऊन शिरूरला खोलीत राहते, कंपनीत कामाला जाते. मामा शेजारचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या बुटाला कधी धूळ दिसायची नाही, पण स्कूटर चढ आला की बंद! "ढकल गं पोरी, रणगाडा हाय ह्यो," म्हणायचे. माजी सैनिकांच्या ऑफिसात नेऊन लेकीची शिष्यवृत्तीही त्यांनीच लावून दिली.

मालकही फौजी. फौज सोडून घरी आल्यावर दारू लागली आणि मारामारीत सजा झाली. मी भेटायला गेले की मान खाली घालून बसायचे. हा माणूस असाच विझून जाणार, या भीतीनं माझा जीव उडायचा.

एकदा मामा सोबत आले. जाळीपलीकडं बघितलं आन् एकदम ओरडले, "सावधान!"

मालक ताडकन उभे! पहाऱ्यावरचा शिपाईही जुना फौजी निघाला. त्यानंही टाचा जुळवल्या. मग तिघंही पोट धरून हसले.

"आता आइक," मामा म्हणाले. "आत दारू सोडवायचा वर्ग हाय, गाड्यांची दुरुस्ती शिकवत्यात. दोन्हीकडं नाव घाल. सुटलास की दौंडला माझ्या दोस्ताच्या गॅरेजात कामाला लागायचं. व्हय का न्हाई?"

"जी, उस्ताद!" मालक फौजेतल्या रिवाजानं म्हणाले.

हल्ली भेटीला गेलं की मालक निम्मा वेळ कार्बोरेटरबद्दलच बोलतात. मामा, ते सुटले की पहिली तुमची स्कूटर दुरुस्त करतील, हा माझा शब्द. तोवर ढकलायला मी आहेच.