एकाच नावाचे दोघे

कोल्हारच्या रस्त्यावर मळीचा आंबूस वास आला, की साखर कारखान्यातली ती सकाळ आठवते. ऑफिसची जुनी मेसेज प्रणाली काढून नवी बसवण्याचे काम माझ्याकडे होते. शेतकी विभागात एकाच पूर्ण नावाचे दोघे होते. सगळे त्यांना थोरला आणि बारका म्हणत. नव्या प्रणालीने दोघांचे एकच खाते केले. हे कोणाच्या लक्षात येण्याआधीच बारका अपघातात गेला आणि नियमाप्रमाणे ते खाते बंद झाले. थोरला माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, बारक्यासंगं मलाबी पोचवलं व्हय?" शेजारचे हसले, तो हसला नाही. कोणाच्या उसाला कधी तोड, ही सगळी माहिती त्या खात्यात अडकली होती आणि तोडणीच्या टोळ्या देवळालीच्या चौकात बसून होत्या. मी प्रणालीवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, मृत कर्मचाऱ्याचं खातं उघडता येत नाही." "अहो, तो माझ्यासमोर उभा आहे." "हो सर, मग त्यांनी स्वतःच्या खात्यातून तशी विनंती पाठवावी." मी फोन ठेवला. "काय म्हनत्यात?" थोरल्याने विचारले. मी त्याला बसायला सांगितले.