पोळपाटाची साल

सासूबाई गेल्यावर त्यांचा सागवानी पोळपाट आमच्याकडे आला. भिजून भिजून त्यावर कुसळं उठली होती आणि पोळी चिकटत होती. बायको म्हणाली, "नीट करा, पण पॉलिशपेपर नको. त्याची वाळू पोळीत येती. अन् बिघडवू नका, आईचा दुसरा पोळपाट मिळायचा न्हाई."

आखाडा बाळापूरच्या बाजारातून मी जुन्या करवतीचा तुकडा आणला, मोबाइलवरचा व्हिडिओ बघून कानशीने त्याची कड सरळ केली आणि खरवडायला बसलो. नुसता भुसा निघाला, वर ओरखडे उठले.

"काहून थांबले तुमी?" बायकोने दारातून विचारलं.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातल्या गृहस्थाने सुरुवातीला लाकडाच्या आत्म्यावर प्रवचन दिलं होतं. ते पुढे ढकलताना कामाची गोष्टही गेली होती: तुकड्याच्या कडेवरून पेचकसाची दांडी दाबून फिरवायची, म्हणजे धातूचा बारीक काठ बाहेर वळतो. लाकूड तोच कापतो.

तसं केलं, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली आणि तिच्यासोबत ओरखडेही गेले.

"आता बराबर निघून राहिलं की!" ती म्हणाली.

संध्याकाळी पहिली पोळी अलगद सुटली. बायको दुसरी लाटू लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.