केडगावच्या गच्चीवरचे दोन ठिपके

माघातला रविवार, दुपारचे चार, केडगावात आमच्या घराची गच्ची. हजर तिघे : मी, माझी मुलगी मृणाल आणि माझी आई. हे आधी लिहितो, कारण मी अकाउंट्समधला माणूस... अशा गोष्टी कुणी सांगायला लागलं की उठून जाणारा.

मृणाल भौतिकशास्त्रात संशोधन करते. रेडिओचा रीतसर परवाना आहे. गच्चीवरून ती सिग्नल पाठवते. तो वर आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात वळतो, हजार-दीड हजार किलोमीटरवर जमिनीला टेकतो आणि त्यातला कणभर आल्या वाटेने परत येतो. ती वाट कशी वाकली असेल, ते ती लॅपटॉपवर रेषा काढून पडताळते. आई म्हणते, "पोरगी आभाळाला हाक मारती, आन् आभाळ तिचीच हाक तिला माघारी देतं. ह्याचा पगार भेटतो?"

वर्षभरात आईचा विनोद एवढाच. अण्णा, माझे वडील, भिंगारला लष्करात मोर्स ऑपरेटर होते. वर्षापूर्वी ते दवाखान्यात वारले तेव्हा आई डबा न्यायला घरी आली होती. एरवी घराबाहेर पडताना ते दारावर दोन टिचक्या मारायचे. मोर्स ऑपरेटर बोलणं संपवताना असेच दोन ठिपके, म्हणजे दोन छोटे टिक-टिक आवाज देतात. "न सांगता गेले," आई म्हणायची आणि अर्ध्या ताटावरून उठायची.

त्या दुपारी मृणालने सिग्नल बंद केला. स्पीकरवर नुसती खरखर... आणि त्यातून, पाण्याखालून यावेत तसे, दोन ठिपके.

मृणाल म्हणाली, असेल कुणी हौशी ऑपरेटर.

तूर पाखडणारे आईचे हात थांबले. "दुसरी टिचकी रेंगाळली. ह्यांचं बोट आखडलं हुतं ना... ह्यांचीच हाय."

रेकॉर्डिंग मी नंतर पुष्कळदा ऐकलं. दुसरा ठिपका लांब आहे. आपलाच सिग्नल उशिरा परत आला असेल म्हणून मृणालने सगळ्या वाटा काढून पाहिल्या — एकही जुळत नाही.

आई उठली. मृणालने तिचं बोट धरून सिग्नल पाठवायच्या बटणावर ठेवलं. आईने दोनदा दाबलं. पापणी लवायच्या आत तिचे दोन ठिपके परत आले, अगदी आकडेमोडीप्रमाणे. पुढे काही नाही.

निघणाऱ्याला आमच्याकडे 'या' म्हणतात. 'जा' कुणी म्हणत नाही. आई स्पीकरकडे बघून म्हणाली, "जावा आता. सावकाश."

रात्री ती पोटभर जेवली.

आईने पाठवले दोन, परत आले दोन. त्याआधीचे दोन कुणाच्या नावावर टाकायचे, ते मला अजून कळलेलं नाही.